टी४८० चा मदरबोर्ड बदलला: दोन कोअरवरून चार कोअर (ऐरोली)

ऐरोलीकर | रविवार, रात्री ९:१०

घरच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेल्या आठवड्यात बदलला. जुना बोर्ड बिघडला नव्हता, व्यवस्थित चालू होता. तरीही बदलला आणि फार समाधान झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. हे करताना मराठीत कुठे काही वाचायला मिळालं नव्हतं.

लॅपटॉप लेनोवोचा थिंकपॅड टी४८०. महाप्याच्या एका कंपनीने जुनी मशिन्स काढली तेव्हा मित्राच्या ओळखीने घेतलेला. टी४८० म्हटलं की सगळे आठव्या जनरेशनचा प्रोसेसर धरून चालतात. पण २०१८ मध्ये हे मॉडेल आलं तेव्हा त्यात सातव्या जनरेशनचा आय५-७३००यू सुद्धा मिळायचा, आणि आमच्याकडे नेमका तोच आला. दोन कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), चार थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं).

बायको घरून आठ सोसायट्यांचे हिशेब बघते. टॅली उघडी, मेंटेनन्सच्या बिलांची मोठी एक्सेल उघडी, आणि त्यात एखाद्या कमिटीने व्हिडिओ मीटिंग लावली की पंखा सुटायचा आणि कर्सर जागच्या जागी अडकायचा. रॅम आधीच १६ जीबी, एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची). म्हणजे वाढवण्यासारखं बाकी काही उरलेलं नव्हतं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या जनरेशनपासून सुरू होतात. लोकांच्या पैशांचे हिशेब ज्या मशीनवर आहेत ते सिक्युरिटी अपडेटशिवाय चालवणं मला पटत नव्हतं.

दुसरीकडे मशीन मात्र धडधाकट. बिजागऱ्या घट्ट, कीबोर्ड तर असा की बायकोला दुसऱ्या कशावर टाइप करायला आवडत नाही. एवढं सगळं टाकून द्यायचं ते फक्त एका चिपसाठी?

प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो, त्यामुळे तो एकटा बदलता येत नाही. पण त्याच मॉडेलचा आय५-८३५०यू वाला बोर्ड त्याच स्क्रूंवर बसतो. चार कोअर, आठ थ्रेड. दोन्ही प्रोसेसरचं कागदावरचं ऊर्जामान १५ वॅट, त्यामुळे चार्जर तोच, पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) तोच. आय७-८६५०यू चा बोर्डही मिळत होता, पण त्यातही कोअर चारच, टर्बो (कमाल वेग) ३.६ ऐवजी ४.२ गिगाहर्ट्झ आणि कॅशे (चिपमधली मेमरी) ६ ऐवजी ८ एमबी. तीन हजार जास्त मागत होते. आमच्या कामाला त्याची गरज वाटली नाही.

पहिला बोर्ड ऑनलाइन मागवला, दिल्लीहून आला. जोडला, एफ१ दाबला, तर समोर पासवर्डची चौकट. आधीच्या मालकाचा बायोसचा (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जचा) सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला. हा साधा पासवर्ड नव्हे. विसरला तर बोर्डच बदलावा लागतो असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि बोर्डावरची छोटी सीमॉसची बॅटरी काढून तो जात नाही. विक्रेत्याने बरीच टोलवाटोलवी केली, शेवटी बोर्ड परत घेतला. तीन आठवडे गेले.

मग ठरवलं की हातात घेऊन, चालवून बघितल्याशिवाय बोर्ड घ्यायचा नाही. लॅपटॉप पिशवीत घातला, ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. तिसऱ्या दुकानात हवा तो बोर्ड मिळाला. दुकानदाराने काउंटरवर रॅमची एक पट्टी लावून चालू करून दाखवला. बायोसमध्ये पासवर्ड नाही हे बघितलं. चोरीविरोधी अॅब्सोल्यूट सॉफ्टवेअर चालू केलेलं नाही हेही बघितलं, कारण ते कायमचं चालू असेल तर जुनी कंपनी पुढेमागे मशीन लॉक करू शकते. रॅमचे दोन्ही स्लॉट आणि दोन्ही यूएसबी-सी पोर्टवरून चार्जिंग, हे पण. टी४८० मध्ये हे पोर्ट बोर्डावरच असतात, सारखी पिन घालून-काढून ते सैल पडलेले असू शकतात. ७,८०० रुपये, बिलासकट, १५ दिवसांची टेस्टिंग वॉरंटी.

घरी येऊन रविवारी सकाळी बसलो. आधी बायोसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद केली. ह्या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, बाहेरची काढली म्हणजे वीज बंद झाली असं नसतं. खालच्या झाकणाचे सहा स्क्रू झाकणालाच अडकून राहतात. आतले मात्र वेगवेगळ्या लांबीचे आहेत. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढला आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवला. ह्याचा परत बसवताना फार उपयोग झाला.

सर्वात जपून करायचं काम डिस्प्लेच्या केबलचं. कनेक्टरवर तारेची बारीक कडी असते, ती आधी उचलायची आणि मग केबल बोर्डाला समांतर मागे सरकवायची. वर ओढली तर पिना वाकतात. वायफायच्या अँटेनाच्या टोप्या मोहरीपेक्षा जरा मोठ्या. बसवताना बोटाने दाबून ‘टक्’ असं जाणवेपर्यंत सोडायचं नाही. चिप आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवीन लावली.

दीड तास लागला. पहिल्यांदा चालू केल्यावर अर्धा मिनिट पडदा काळाच होता, नवा बोर्ड रॅम ओळखताना असं होतं. मग लोगो आला. जुनंच विंडोज १० उठलं, त्याने ड्रायव्हर जुळवून घेतले, संध्याकाळी विंडोज ११ चढवलं.

आता बायकोची बिलांची फाईल बसल्या जागी उघडते. आधी ती फाईल उघडायला टाकून चहाचं आधण ठेवून यायची.

---

घणसोली_गट | रविवार, रात्री ९:५२

उत्तम लेख. वाचनखूण साठवली. माझ्या टी४८० मध्ये आय५-८२५०यू आहे. आय७ चा बोर्ड टाकू का?

---

ऐरोलीकर | रविवार, रात्री १०:०५

नका टाकू. तुमच्याकडे चार कोअर आधीच आहेत, विंडोज ११ पण अधिकृतपणे चालतं. तेच पैसे रॅम आणि बाहेरच्या मोठ्या बॅटरीत घाला. दोनचे चार कोअर होतात तिथेच हा खटाटोप करण्यात अर्थ आहे.

---

मृदुला_नौपाडा | रविवार, रात्री ११:२०

एक गोष्ट तुमच्या लेखात नाही आणि ती सगळ्यात आधी हवी होती: बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारी विंडोजची सोय.

माझ्या धाकट्या बहिणीचा लॅपटॉप दुरुस्तीला दिला, दुकानाने बोर्ड बदलून दिला. चालू केल्यावर निळा पडदा आणि ४८ अंकी रिकव्हरी की ची मागणी. दुकानाने आम्हाला आधी काहीच विचारलं नव्हतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण आम्ही ते कधी चालू केलं नव्हतं. किल्ली बोर्डावरच्या टीपीएम चिपमध्ये असते. बोर्ड गेला की ती चिप गेली, आणि एसएसडी धडधाकट असूनही आतलं काही दिसत नाही.

तिच्या एम.ए. च्या प्रबंधाची तीन प्रकरणं त्यात होती. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. शेवटी कॉलेजच्या ईमेलने उघडलेलं मायक्रोसॉफ्टचं खातं तिला आठवलं आणि त्यात ती की साठवलेली सापडली. ते खातं तिने बंद केलं असतं तर प्रबंध गेलाच होता.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने इन्स्टॉल केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. तेव्हा बोर्डाला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, बिटलॉकर सस्पेंड करा, आणि महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. स्वतः करा किंवा दुकानात द्या, हे आपणच करायचं.

---

ऐरोलीकर | सोमवार, सकाळी ७:३०

मृदुलाताई, अगदी बरोबर. आमच्या मशीनवर बिटलॉकर नव्हतं म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. लेखात बदल करता येत असेल तर अॅडमिननी ताईंचा प्रतिसाद वर जोडावा. बहिणीचा प्रबंध वाचला हे वाचून बरं वाटलं.

---

चिपलेव्हल_ठाणे | सोमवार, रात्री १०:४०

मी हेच काम करतो, वागळे इस्टेटला बसतो. काही गोष्टी सांगतो.

२०१३ च्या टी४४०पी सारख्या मशीनपर्यंत प्रोसेसर सॉकेटमध्ये असायचा. एक स्क्रू फिरवला की हातात. पातळ मॉडेल्सनी ते आधीच सोडलं होतं, नंतर इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटचे प्रोसेसर काढणंच बंद केलं. म्हणून आज ‘प्रोसेसर अपग्रेड’ म्हणजे बोर्ड अपग्रेड.

गिऱ्हाईक विचारतात की ७३००यू आणि ८३५०यू दोघांच्या खाली सोल्डरच्या १३५६ च गोळ्या आहेत, मग नुसती चिप उचलून दुसरी बसवा ना. कागदावर जुळतं. पण बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग चार कोअरसाठी भरलेला आहे का, बायोस ती चिप ओळखेल का, हे सगळं बघावं लागतं. शिवाय रिबॉलिंगची (चिपखाली नव्या गोळ्या बसवायची) मजुरी. एवढं करून हातात काय, तर दोनदा भाजलेला बोर्ड. मी असं काम घेत नाही.

बोर्ड घेताना डोळ्यांनी बघायची गोष्ट: मोठ्या चिपच्या कडेला चिकट, पिवळसर फ्लक्स (सोल्डरिंगचं रसायन) दिसला किंवा आजूबाजूचं प्लास्टिकचं कनेक्टर किंचित वितळलेलं दिसलं, तर त्याला हॉट एअर (सोल्डर वितळवायची गरम हवा) मारलेली आहे. असा बोर्ड काउंटरवर चालतो आणि दोन महिन्यांनी मरतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट छटा असेल तर पाणी किंवा दमट हवा लागलेली आहे. खाडीच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या कोपरी, कळवा, ऐरोलीकडे, पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या बोर्डांवर हे मी नेहमी बघतो. अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत ठेवलेलाच बोर्ड घ्या.

एफआरयू नंबर, म्हणजे कंपनीचा सुट्या भागाचा नंबर, जुळवा. ग्राफिक्स चिप, म्हणजे एमएक्स१५०, असलेल्या बोर्डाला हीटसिंक वेगळा लागतो. तो नसेल तर बोर्ड स्वस्त मिळाला तरी घरी येऊन अडकाल.

आणि टी४८० वाल्यांनी एक काम पहिल्याच दिवशी करावं. थंडरबोल्ट (यूएसबी-सी पोर्टमधलं वेगवान कनेक्शन) सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता, कंट्रोलर आपल्या छोट्या मेमरीत लिहीत राहायचा आणि ती भरली की थंडरबोल्ट बंद पडायचं, कधी त्या पोर्टचं चार्जिंगही जायचं. कंपनीने त्यावर अपडेट दिलेलं आहे. विकत घेतलेला जुना बोर्ड कोणत्या फर्मवेअरवर होता ते आपल्याला माहीत नसतं, तेव्हा विंडोज उठलं की बायोसच्या आधी ते अपडेट करा. मेमरी आधीच भरली असेल तर ती चिप काढून पुन्हा लिहावी लागते. होतं, पण उगाच खर्च.

---

ऐरोलीकर | सोमवार, रात्री ११:०२

दादा, फार मोलाची माहिती. आत्ताच उठून थंडरबोल्टचं फर्मवेअर बघितलं, जुनंच होतं. अपडेट केलं.

---

पनवेल_प्रवासी | मंगळवार, दुपारी १:१५

माझ्याकडे टी४७० आहे, दिसायला डिट्टो टी४८०. त्यात हा बोर्ड बसेल का?

---

चिपलेव्हल_ठाणे | मंगळवार, रात्री ९:३०

सरळ बसत नाही. टी४७० ला चार्जिंगचं चौकोनी पोर्ट आणि एक यूएसबी-सी, टी४८० ला दोन यूएसबी-सी. बाजूची भोकंच जुळत नाहीत, बॉडी कापावी लागते. थिंकपॅडला २५ वर्षं झाली तेव्हा २०१७ मध्ये जुन्या धाटणीच्या कीबोर्डचं टी२५ काढलं होतं, त्याची बॉडी टी४७० चीच. त्यात टी४८० चा बोर्ड घालणारे हौशी लोक जगभर आहेत, कारण तो कीबोर्ड परत मिळत नाही. रोजच्या वापराच्या टी४७० साठी कापाकापी करू नका. विकून टी४८० घ्या, त्यात कमी पैसे जातील.

---

खारघरचे_काका | मंगळवार, रात्री १०:१०

माझा २०१५ चा घरगुती लॅपटॉप आहे, आय३, ४ जीबी रॅम, हार्डडिस्क. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. बोर्ड बदलून काही होईल का?

---

ऐरोलीकर | मंगळवार, रात्री १०:३५

काका, तुमच्या मॉडेलचे जे बोर्ड मिळतील ते त्याच काळातले असणार. आय३ चा आय५ होईल, पण पिढी तीच राहील. तुमचं दुखणं हार्डडिस्कचं आहे. २.५ इंची साटा एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा. स्क्रू काढता येत असेल तर घरीच होतं. येताजाता ऐरोलीला उतरलात तर मी करून देईन.

---

मुक्तस्रोत | बुधवार, सकाळी ८:२०

विंडोज ११ हे कारण असेल तर लिनक्स का नाही? ७३००यू वर ते छान चालतं. बोर्डाचा खर्च शून्य. काकांनाही हेच सुचवेन.

---

ऐरोलीकर | बुधवार, सकाळी ९:००

माझ्या स्वतःच्या जुन्या मशीनवर लिनक्सच आहे. पण बायकोचं काम टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनवर चालतं, आणि अडलं तर तिला मी घरी यायची वाट बघावी लागेल. तिचं साधन तिच्या हातात राहायला हवं. शिवाय दोन कोअरचे चार कोअर लिनक्सने होत नाहीत. काकांसाठी मात्र तुमची सूचना चांगली आहे, फक्त ब्राउझर लागत असेल तर.

---

कोपरी_एक्स२०० | बुधवार, रात्री ११:४५

अवांतर आहे पण ह्या धाग्यात शोभेल. माझ्याकडे वडिलांचा एक्स२०० आहे, २००८ चं मॉडेल. चीनमधल्या ५१एनबी नावाच्या हौशी मंडळींनी ह्या बॉडीत बसणारा संपूर्ण नवा बोर्ड बनवला होता, आठव्या जनरेशनचा, त्याला एक्स२१० म्हणतात. कंपनीचा काही संबंध नाही, त्यांनी स्वतः आराखडा काढून छोट्या संख्येत बनवून घेतले. जुना कीबोर्ड, जुनं लॅच, आत डीडीआर४ रॅम. असा बोर्ड मिळवायची फार इच्छा आहे. वडिलांनी त्यावर आठ वर्षं काम केलं, तळहाताच्या जागी प्लास्टिक घासून गुळगुळीत झालंय. ते तसंच ठेवायचंय.

आणि २०२१ मध्ये आलेल्या फ्रेमवर्क लॅपटॉपमध्ये तर हेच कंपनीने अधिकृत केलंय. नवीन पिढीचा बोर्ड सुटा विकतात, त्याच बॉडीत बसतो. काढलेला बोर्ड छोट्या डब्यात घालून वेगळा संगणक म्हणून वापरता येतो. सगळ्यांनीच असं करायला काय हरकत आहे?

---

चिपलेव्हल_ठाणे | गुरुवार, सकाळी १०:१५

एक्स२१० घेतलात तर बायोसची फाईल, ड्रायव्हर सगळं डाउनलोड करून जपून ठेवा. पुढे बिघडला तर सुटे भाग मिळणार नाहीत. वडिलांचा मूळ बोर्डही टाकू नका.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर: हरकत काहीच नाही. माझ्याकडे रोज अशी मशिन्स येतात ज्यांची स्क्रीन, बॉडी, कीबोर्ड नव्यासारखं असतं आणि फक्त बोर्डासाठी भंगारात जातात. रॅम बोर्डावर, एसएसडी बोर्डावर, एक चिप गेली की सगळं गेलं. मला त्याचा त्रास होतो.

---

मृदुला_नौपाडा | गुरुवार, दुपारी ४:००

ऐरोलीकर, काढलेल्या बोर्डाचं काय केलंत? नुसता भंगारवाल्याला देऊ नका. तांब्या-सोन्यासाठी तो जाळतात किंवा अॅसिडमध्ये टाकतात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरकडे दिलेला बरा.

---

ऐरोलीकर | गुरुवार, रात्री ८:४५

टाकलेला नाही, अँटिस्टॅटिक पिशवीत आहे. चालू बोर्ड आहे. कोणाच्या टी४८० वर चहा-पाणी सांडून बोर्ड गेला असेल आणि दोन कोअर चालत असतील तर सांगा. पासवर्ड नाही, फर्मवेअर अपडेट आहे. विद्यार्थी असेल तर पैसे नकोत.

---

नेरूळ_१९ | शनिवार, संध्याकाळी ६:२०

धागा वाचून आज मीही केलं. रिकव्हरी की लिहून घेतली, पुठ्ठ्यावर स्क्रू टोचले, डिस्प्लेची कडी उचलली, सगळं जमलं. मला सेकंडहँड न मिळता न वापरलेला स्पेअर बोर्ड मिळाला. आता चालू करताना दरवेळी एरर २२०० आणि २२०१ येतोय, सिरियल नंबर आणि यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) इनव्हॅलिड. एंटर दाबून पुढे जातं. बोर्ड खराब निघाला का?

---

चिपलेव्हल_ठाणे | शनिवार, रात्री ८:०५

खराब नाही, कोरा आहे. कारखान्यातून स्पेअर म्हणून निघालेल्या बोर्डात मशीनचा नंबर भरलेला नसतो, तो बसवणाऱ्याने भरायचा असतो. वापरलेल्या बोर्डात जुन्या मशीनचा असतो म्हणून ऐरोलीकरांना हे दिसलं नाही. मेंटेनन्सची पेनड्राइव्ह लावून मशीन टाइप, सिरियल आणि यूयूआयडी लिहावा लागतो. तुमच्या खालच्या झाकणावरचाच नंबर घाला, एकेक अक्षर वाचून, चुकलं तर निस्तरणं कठीण जातं. उद्या दुकान चालू आहे, घेऊन या. पाच मिनिटांचं काम आहे.

---

नेरूळ_१९ | रविवार, दुपारी २:३०

जाऊन आलो. दोन्ही एरर गेले. दादांनी फक्त चहा घेतला. ऐरोलीकर, तुमचा जुना बोर्ड अजून असेल तर माझ्या भाचीच्या वर्गातल्या एका मुलीला हवाय, कळव्याला राहते, तिच्या टी४८० वर पावसाचं पाणी गेलंय. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

ऐरोलीकर | रविवार, दुपारी ३:१०

आहे. संध्याकाळी सहानंतर कधीही या. तिला लॅपटॉप घेऊनच यायला सांगा, इथेच बसवून देतो. आणि एसएसडीवर काय आहे ते आधी विचारून ठेवा, बिटलॉकर असेल तर तिची की शोधून ठेवायला हवी.